अरब किती, अमाझिग किती? मोरोक्कोतला जानेवारी

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५ – कासाब्लांका

निघण्याआधी जे जे वाचलं, त्यात मोरोक्कोची माणसं एका ओळीत उरकलेली होती: 'अरब-बर्बर ९९ टक्के, इतर १ टक्का'. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, २०११च्या जनगणनेत प्रगणक म्हणून दारोदार फिरले. दोन शब्दांमध्ये एक आडवी रेघ मारून अख्खा देश एका पोत्यात भरणारा आकडा मला पचत नाही. त्यामुळे या सहलीत नवऱ्याने कॅमेरा घेतला आणि मी वही. (बर्बर हे नाव तिथल्या बऱ्याच जणांना खटकतं. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, मीही पुढे तेच लिहिते.)

हॉटेलच्या गल्लीत एक 'हानूत' आहे, म्हणजे किराणा दुकान. जेमतेम दोन हात रुंद, छतापर्यंत साबण, सार्डिनचे डबे, चहाची पाकिटं. दुकानदार फोन खांद्यात धरून एका भाषेत बोलत होता, गिऱ्हाईकाला दुसऱ्या भाषेत हिशोब सांगत होता आणि आमच्याकडे वळून फ्रेंचमध्ये "मादाम?" म्हणाला. फोनवरची भाषा ताशेल्हित, म्हणजे दक्षिणेकडची अमाझिग भाषा, गिऱ्हाईकाची दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी. तो दक्षिणेच्या सूस भागातला. मोरोक्कोतल्या शहरांमध्ये किराणा म्हटलं की सूसी माणूस, जसा आपल्याकडे कच्छी नाहीतर मारवाडी. अँटी-अ‍ॅटलासच्या कोरड्या डोंगरांत शेतीवर भागत नाही, म्हणून शंभर वर्षांपासून तिथले पुरुष उत्तरेकडे दुकानं टाकताहेत. पूर्वी एक भाऊ गल्ल्यावर, दुसरा गावी, आणि ठरलेल्या मुदतीनंतर अदलाबदल, अशी रीत होती.

म्हणजे पर्वतातले ते अमाझिग आणि शहरातले ते अरब, ही वाटणी पहिल्याच गल्लीत गळून पडली.

रात्री जनगणनेचे आकडे पुन्हा काढून बसले. २०२४च्या गणनेत मोरोक्कोची लोकसंख्या ३ कोटी ६८ लाख भरली. तिथे वंश विचारतच नाहीत, भाषा विचारतात. दारिजा बोलणारे ९१.९ टक्के, अमाझिग भाषा बोलणारे २४.८ टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण पुष्कळांना दोन्ही येतात. २०१४मध्ये अमाझिगचा आकडा २६.७ होता. अमाझिग संघटनांना हे दोन्ही आकडे कमी वाटतात आणि त्या तसं जाहीरपणे सांगतात.

शनिवार – तांजिएर

'अल बोराक' ही वेगवान रेल्वे ताशी ३२० किलोमीटरने धावते. दोन तासांच्या आसपास तांजिएर. वाटेत डोळे मिटायचे ठरवलं होतं, पण पाट्या बघत बसले. अरबी, फ्रेंच आणि मध्ये तिफिनाघ लिपी: गोल, रेघा, फुल्या, दोन्ही हात वर केलेल्या माणसासारखं एक अक्षर. अमाझिग संस्कृतीसाठी राजे मोहम्मद सहावे यांनी २००१मध्ये संस्था काढली, २००३मध्ये लिपी म्हणून तिफिनाघ ठरली, आणि २०११च्या राज्यघटनेत अरबीच्या बरोबरीने अमाझिग राजभाषा झाली. त्याआधीच्या दिवसांच्या तक्रारी अजून ऐकू येतात. मुलाचं नाव अमाझिग ठेवलं तर नोंदणी करणारा कारकून ते नाकारू शकायचा. २०१०मध्ये सरकारी परिपत्रक निघालं, तेव्हा कुठे तो त्रास कमी झाला.

डब्यात शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारलं, ही पाटी वाचता येते का? तिची आई उत्तरेच्या रीफ डोंगरांतली, घरात तारिफित, म्हणजे तिथली अमाझिग भाषा, बोलतात. ती म्हणाली, "बोलता येतं, वाचता नाही." मग हसून म्हणाली, "आमच्या डब्यात कुणालाच येत नसेल."

तांजिएरला आम्ही गेलो चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता याच्यासाठी. जुन्या शहरात, चढणीच्या गल्लीत, त्याची म्हणून दाखवतात ती छोटीशी कबर आहे. जन्म १३०४. त्याच्या लांबलचक नावात 'अल-लवाती' येतं, म्हणजे लवाता या अमाझिग जमातीचा. लिहिलं अरबीत, काझीपद भूषवलं दिल्लीला मुहम्मद तुघलकाकडे, आणि आला होता थेट आपल्या दौलताबादेला. तिथून पुढे नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिलंय की हे लोक भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना पीडा देणं त्यांना आवडत नाही. सहा-सातशे वर्षांनी त्याच्याच गावात आम्ही दोघं बिनमटणाचं ताजिन, म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेलं कालवण, शोधत हिंडत होतो. भाज्यांचं ताजिन मिळालं, तळाशी मटणाचं हाड निघालं. वाढप्याचं म्हणणं, हाड फक्त चवीला.

या माणसाला कुठल्या रकान्यात घालणार? जमात अमाझिग, लेखणी अरबी. त्याला स्वतःला हा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

रविवार, सोमवार – शेफशावेन

निळ्या गावाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्यावर मी शाई खर्च करत नाही. सोमवार बाजाराचा दिवस, त्यासाठीच मुक्काम लांबवला.

सकाळीच डोंगरातून जबाला बायका उतरल्या. कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा जाड फडका, डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी आणि टोपीला लोकरीचे गडद गोंडे. एकीने पुढ्यात बकरीच्या दुधाचं ताजं चीज मांडलं होतं, हिरव्या पानांच्या वेटोळ्यात बसवलेल्या पांढऱ्या चकत्या. मी बोट लावून बघणार तोच तिने हातावर चापट मारली आणि स्वतः सुरीच्या टोकाने तुकडा काढून दिला. आमच्या हॉटेलचा पोऱ्या दुभाषी म्हणून सोबत होता. मी त्याला म्हटलं, यांचा पोशाख तर थेट अमाझिग डोंगराळ वाटतो. तो म्हणाला, "या अरबीच बोलतात. अमाझिग यांना येत नाही."

इथे मी बराच वेळ थांबले. जबाला हे पश्चिम रीफमधले शेतकरी. अरबी इथल्या डोंगरांत फार लवकर रुजली, कारण फेसहून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा इथून जात आणि पुढे अंदालुसियातून, म्हणजे मुस्लिम स्पेनमधून, निर्वासित येऊन वसले. हे गावही १४७१मध्ये वसलं आणि लवकरच अशा लोकांनी भरलं. मूळच्या गुमारा आणि सन्हाजा या अमाझिग जमाती कुठे निघून गेल्या नाहीत, त्यांची बोली बदलली. इथून पूर्वेला काही तास गेलं की अल होसेमाच्या बाजूला तारिफित सुरू होते. तिथल्या अब्द अल-करीमने १९२१मध्ये अनुवालला स्पॅनिश फौजेचा धुव्वा उडवला होता. तिथल्या माणसाला अमाझिग असल्याची जाणीव टोकदार आहे, इथल्या चीजवालीला ती नाही. पूर्वज बहुधा सारखेच.

दुपारच्या बसने फेस.

मंगळवार – वोलुबिलिस, मौले इद्रिस, फेस

फेसमध्ये भाड्याची गाडी ठरवली. ड्रायव्हर मिडेल्टकडचा, चाळिशीचा, इंग्रजी मोडकं पण गप्पांना कमी नाही. मला 'हाज्जा' म्हणायचा, नवऱ्याला 'हाज'. हज न करता पदवी मिळाल्याचा नवऱ्याला फार आनंद.

वोलुबिलिस हे रोमन अवशेषांचं ठिकाण. कमानी, मोझेक, खांबांवर करकोच्यांची घरटी. पण माझं कुतूहल रोमनांनंतरचं. बगदादच्या अब्बासी खलिफांपासून जीव वाचवून पळालेला इद्रिस, पैगंबरांचा वंशज, ७८८च्या सुमारास इथे पोहोचला. एकटा-दुकटा. आसरा दिला इथल्या अवरबा या अमाझिग जमातीने, त्यांनीच त्याला इमाम मानलं. त्याची बायको केंझा अमाझिग. ७९१मध्ये त्याच्यावर विषप्रयोग झाला, मुलगा त्यानंतर जन्मला, आणि अवरबांनीच त्या इद्रिस दुसऱ्याला वाढवून गादीवर बसवलं. मोरोक्कोच्या पहिल्या 'अरब' घराण्याची ही कथा. बापाकडून अरब, आईकडून, सैन्याकडून आणि जमिनीकडून अमाझिग. समोरच्या टेकडीवर त्याच्या नावाचं मौले इद्रिस हे गाव आहे. दर्ग्याच्या आत बिगरमुस्लिमांना जाता येत नाही, आडव्या दांड्याजवळ उभं राहून पाहिलं.

मग अरब नक्की आले कधी? विजेत्यांच्या पहिल्या लाटा सातव्या-आठव्या शतकातल्या, पण त्या फौजा होत्या, वसाहती थोड्या. तारिक इब्न झियाद ७११मध्ये स्पेनमध्ये उतरला तो स्वतः अमाझिग, त्याचं बहुतेक सैन्यही. फेस शहरात ८१८नंतर कोर्दोबाचे निर्वासित एका काठावर आणि ट्युनिशियातल्या कैरवानचे दुसऱ्या काठावर वसले. गावोगाव अरबी पसरली ती बाराव्या शतकात, बनू हिलाल या भटक्या अरब टोळ्यांना अटलांटिककडच्या सपाट मैदानात आणून वसवलं तेव्हा. आणलं कुणी? अल्मोहाद सुलतानांनी. ते घराणं अमाझिग!

संध्याकाळी फेसच्या मेल्लाहमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या मोहल्ल्यात. १४३८मधला, मोरोक्कोतला पहिला मेल्लाह. घरांना रस्त्यावर उघडणाऱ्या लाकडी गॅलऱ्या आहेत. मुस्लिम घरं आतल्या चौकाकडे तोंड करून बसतात, ही रस्त्याकडे बघतात. १९४८च्या सुमारास देशात अडीच लाख ज्यू होते, आता काही हजार. त्यात अ‍ॅटलासच्या खेड्यांत अमाझिग बोलणारे ज्यूही होते. 'इतर १ टक्का' वाचून यातलं काय कळतं?

बुधवार – अझ्रू, मिडेल्ट, झीझचं खोरं

इफ्रानला बर्फ. अझ्रूच्या देवदारांत माकडं आणि त्यांना शेंगदाणे देणारे पर्यटक, दोन्ही भरपूर.

अझ्रूत ड्रायव्हरने एका शाळेसमोर गाडी हळू केली. १९२७मध्ये फ्रेंचांनी इथे 'बर्बर कॉलेज' काढलं. हेतू उघड होता. अमाझिग मुलांना अरबी आणि शहरी मुस्लिमांपासून दूर, फ्रेंचमध्ये वाढवायचं आणि आपले अधिकारी करायचे. त्यापाठोपाठ १६ मे १९३०चा हुकूम आला. अमाझिग मुलखात शरियतऐवजी जमातीचे रिवाज चालतील आणि मोठे गुन्हे फ्रेंच न्यायालयात. कागदावर रिवाजाचा मान, प्रत्यक्षात देशाची फाळणी. साले या शहरातल्या मशिदीत संकटकाळची प्रार्थना सुरू झाली आणि त्यात भर घातली गेली: देवा, आमच्यात आणि आमच्या बर्बर भावांत फूट पाडू नकोस. प्रार्थना फेसपर्यंत पसरली. मोरोक्कोच्या स्वातंत्र्य चळवळीची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात. आणि अझ्रूच्या त्या कॉलेजातल्या मुलांनी पुढे काय मागितलं? अरबीचे तास.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती फेसमधले लोक सांगत नाहीत. फ्रेंचांनी अमाझिगपणाचा असा वापर केल्यामुळे स्वातंत्र्यानंतर कुणी अमाझिग भाषेचं नाव काढलं की त्याच्याकडे फुटीर म्हणून बघायचे. शाळा अरबी झाली, कचेरी फ्रेंच राहिली, घरची भाषा घरीच. पंचावन्न वर्षं वाट पाहून राजभाषेचा दर्जा मिळाला, तोवर शहरात वाढलेल्या एक-दोन पिढ्यांची भाषा सुटली होती.

ड्रायव्हरचं घरही त्याला अपवाद नाही. तो घरी तामाझिग्त, म्हणजे मध्य अ‍ॅटलासकडची अमाझिग भाषा, बोलत वाढला. बायको फेसची, अरबी बोलणारी. मुलं दारिजा बोलतात.

"जनगणनेवाला आला तर मुलांची भाषा काय लिहून द्याल?" मी सवयीने विचारलं.

"दारिजा. खोटं कशाला लिहू?"

"आणि मुलं कोण? अरब की अमाझिग?"

तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. "माझी आई म्हणते, फासी." फासी म्हणजे फेसवाले. मग म्हणाला, "आईच्या तोंडी ती शिवी आहे, हाज्जा."

गुरुवार – रिसानी, खाम्लिया

रिसानीचा बाजार गुरुवारचा. गाढवांचा वाहनतळ इथे खरोखरच आहे, मातीच्या भिंतीआड शेकडो गाढवं उभी आणि प्रत्येकाला आपलंच गाढव ओळखू येतं. खजुराच्या राशींमागे बसलेल्यांत गोरे, गव्हाळ, काळे सगळे. ओअ‍ॅसिसमधली शेती पिढ्यानपिढ्या राबून ज्यांनी केली ते हरातीन, काळ्या वर्णाचे. जमिनी बहुधा दुसऱ्यांच्या. लग्न जुळवताना हा फरक अजून आठवतो, असं ड्रायव्हर म्हणाला आणि विषय बदलला.

याच गावातून आजचं राजघराणं निघालं. अलावी स्वतःला पैगंबरांचे वंशज मानतात, पूर्वज तेराव्या शतकात अरबस्तानातून इथे आल्याचं सांगतात. आणि सध्याच्या राजांच्या आई मध्य अ‍ॅटलासच्या झायान या अमाझिग जमातीतल्या. केंझाची गोष्ट संपलेली नाही.

दुपारी मेर्झूगाजवळचं खाम्लिया. इथले ग्नावा लोक, पूर्वज सहाराच्या दक्षिणेतून गुलाम म्हणून आणलेले. पांढऱ्या कपड्यांतले पुरुष ओळीत उभे राहिले, हातांत लोखंडी 'कराकेब', झांजा आणि चिपळ्या यांच्या मधलं काहीतरी. एकाच्या मांडीवर तीन तारांचं गेंब्री, चामड्याने मढवलेलं. ताल आधी पायाला लागतो, कानाला नंतर. ग्नावा संगीताला २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आता परदेशी पाहुणे येतात, सीडी विकल्या जातात. चहाच्या वेळी ती माणसं आपसात बोलू लागली, ती तामाझिग्त. ड्रायव्हर त्यांच्यात असा मिसळला की आम्हाला विसरला. पूर्वज माली-नायजरच्या बाजूचे, धर्म अरबस्तानातून आलेला, गाण्यातले शब्द अरबी आणि काही कुणालाच न कळणारे, घरची भाषा अमाझिग.

वाळूच्या टेकड्यांपाशी निळ्या झग्यातले उंटवाले 'आम्ही तुआरेग' असं सांगतात. बहुतेक आयत खब्बाश या इथल्याच अमाझिग जमातीचे. तुआरेग मुलूख इथून फार दूर. पर्यटकाला निळा माणूस हवा असतो, मग तो मिळतो.

शुक्रवार – रस्ता

दिवसभर गाडी. तिंघीर, दादेसचं खोरं, संध्याकाळी आयत बेन हद्दू. मातीची तटबंदी सुंदर, चढताना गुडघे बोलले. जमातीचं सामाईक धान्यकोठार टेकडीच्या माथ्यावर, कारण लुटारू आले तर माणसं पळू शकतात, धान्य नाही.

शनिवार, रविवार – मराकेश

तिझी-न-तिश्काची खिंड, २२६० मीटर, बर्फामुळे तासभर खोळंबा. मग मराकेशचा गोंगाट.

हे शहर वसवलं अल्मोराविदांनी, अकराव्या शतकात. वाळवंटातले सन्हाजा. कुतुबियाचा मनोरा अल्मोहादांचा, हे अ‍ॅटलासमधले मस्मूदा. त्यांच्यानंतर फेसमध्ये मदरसे बांधणारे मरिनिद, हे झनाता. तिन्ही अमाझिग, तिघांचाही कारभार अरबीत. ज्याला पर्यटक 'अरबी वास्तुकला' म्हणतात, त्यातली निम्मी यांनी उभी केली. अल्मोहादांच्या डोंगरातल्या मूळ गावची तिन्मेलची मशीद ८ सप्टेंबर २०२३च्या भूकंपात ढासळली. त्या रात्री जवळपास तीन हजार माणसं गेली, बहुतेक अ‍ॅटलासच्या ताशेल्हित बोलणाऱ्या खेड्यांतली. तिकडे जायचं मनात होतं, पण दुःख बघायला तिकीट काढून जावंसं वाटलं नाही.

ड्रायव्हरला इथे निरोप दिला. नवऱ्याने त्याला मिठी मारली, मी मुलांसाठी बॉलपेनं दिली. शिक्षक दुसरं काय देणार?

सोमवार, मंगळवार, १४ जानेवारी – तिझनीत

मराकेशहून बसने सूसमध्ये. तिझनीत चांदीच्या दागिन्यांचं गाव. ही कारागिरी पूर्वी बरीचशी ज्यू सोनारांच्या हातात होती. ते गेले, घडण तीच राहिली. त्रिकोणी 'तिझेर्झाई' पिन बायका खांद्यावर वस्त्र अडकवायला लावत.

मुहूर्त मुद्दाम साधला होता. १४ जानेवारी हा अमाझिग वर्षारंभ. २०२३मध्ये राजांनी त्याला राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. पाहुणेघराच्या मालकिणीने आदल्या रात्री सगळ्या मुक्कामींना खाली बोलावलं. मोठ्या परातीत 'तागुला', जवाच्या भरडीची घट्ट लापशी, मध्ये खळगा आणि त्यात अर्गानचं तेल आणि मध. परातीभोवती बसून सगळ्यांनी आपापल्या बाजूने खायचं. लापशीत कुठेतरी खजुराची एक बी दडवलेली असते, ज्याला सापडेल त्याचं वर्ष चांगलं. आम्ही तिळगुळाचा डबा काढला. संक्रांत दुसऱ्याच दिवशी होती, आणि मी तिळगुळाशिवाय जानेवारीत घराबाहेर पडत नाही. घरातल्या आजीबाईंनी वडी दाताने फोडून पाहिली आणि ताशेल्हितमध्ये काहीतरी म्हणाल्या. नातवाने सांगितलं, "तीळ चांगले आहेत, पण एवढा कडक का करता?"

नातू अगादीरला कायदा शिकतो, छातीवर तिफिनाघचं अक्षर छापलेला टी-शर्ट. त्याने जाहीर केलं की आता २९७५ साल सुरू होतंय, इजिप्तच्या गादीवर बसलेल्या शेशोंक या अमाझिग राजापासून. आजी म्हणाली, तिच्या लहानपणी वर्षाला आकडा नव्हता, लापशी होती. आकडा खरोखरच अलीकडचा आहे, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधल्या अमाझिग कार्यकर्त्यांच्या वर्तुळातून आलेला. सण मात्र जुना, ज्युलियन पंचांगाचा, शेतकऱ्यांचा. नातवाला हे ठाऊक होतं. "आकडा नसला तर सरकार सुट्टी देत नाही," तो म्हणाला. मला ते पटलं. जनगणना असो की सण, नोंद झाल्याशिवाय हक्क मिळत नाही. एक पिढी भाषा विसरत असताना छातीवर अक्षर मिरवणाऱ्या पोराला मी तरी हसणार नाही.

परातीच्या पलीकडे एल जदीदाचं एक जोडपं होतं. दुक्कालाच्या मैदानातलं, म्हणजे बनू हिलालच्या मुलखातलं, अस्सल अरबी बोलणारं. त्यातला गृहस्थ मध पुसत म्हणाला, "आमची आजी पण याच दिवसांत हे करायची. आम्ही याला हागुझा म्हणतो."

"म्हणजे तुम्हीही अमाझिगच!" नातू ओरडला.

"किंवा तुम्ही आमचे." गृहस्थाने शांतपणे पुढचा घास घेतला.

वाद रंगला, दारिजात आणि ताशेल्हितमध्ये एकदमच, आणि भाषांतर करायला कुणाला सवड उरली नाही. तेवढ्यात गृहस्थाची बायको चावता चावता थांबली आणि तिने तोंडातून खजुराची बी काढली. नातवाने फेरमतमोजणीची मागणी केली. आजीने त्याच्या हातावर चमचा मारला आणि परात तिच्याकडे सरकवली.